अकरावा आणि बारावा सेकंद

सिनेमा बघताना रडायचं नाही, हसायचं नाही आणि खुर्चीवरून उठायचं तर मुळीच नाही, असे कात्रीसरांच्या वर्गाचे तीन नियम होते. चौथा नियम मोजण्याचा.

सरांचं खरं नाव वेळापत्रकात छापलेलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे सिनेमे कापले, जोडले आणि मग या संस्थेत सिनेमाचं शास्त्र शिकवायला आले, म्हणून ते कात्रीसर. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक छोटं यंत्र ठेवलं. दारात उभं राहून आत जाणारी माणसं मोजतात, अंगठ्याने दाबलं की टक् होऊन आकडा पुढे सरकतो, तसलं. पडद्यावर एक शॉट संपून दुसरा लागला की टक्. आवाज बंद, दिवे बंद आणि अंधारात तीस अंगठे. पडद्यावर दोघं गळ्यात गळे घालून रडत असायची आणि वर्गात नुसती टकटक चालायची. बाहेरून जाणाऱ्या शिपायाला पहिल्यांदा वाटलं, छत गळतंय.

"आधी मोजा, मग काय वाटायचं ते वाटू द्या," सर म्हणायचे. "वाटायला काय, कुणालाही वाटतं. त्यासाठी इथे यायला नको."

पुढे शॉट किती सेकंदांचा हेही मोजायचं आलं, आणि तेही घड्याळाविना, कारण घड्याळाकडे बघायला गेलं की पडदा सुटतो. बाकीच्यांची तारांबळ उडायची. एक मुलगी मात्र महिन्याभरात अशी तयार झाली की मिनिटामागे तिचा अंदाज अर्धा सेकंद चुकला तर चुकला. पोरांनी तिचं नाव ठेवलं मीटर. ते तिने हसत हसत घरी सांगितलं, आणि घरीही तेच झालं.

"काय मीटर, आज किती झाले?" ती परत आली की बाबा विचारायचे.

"एक हजार दोनशे बारा."

"आणि गोष्ट काय होती?"

"गोष्ट... एक माणूस असतो."

"अरे वा! शिक्षण वाया जात नाहीये."

बाबा स्वतः तरी कुठे धड सिनेमा बघत होते? ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून बाबा त्यावरून प्लास्टरचे साचे ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. तीस वर्षं माणसांच्या तोंडात बघून बघून त्यांना दुसरीकडे बघताच येत नव्हतं. घरात सगळे मिळून सिनेमा लावला की ते मध्येच म्हणायचे, "या म्हाताऱ्याचे पुढचे चार खोटे आहेत."

"अहो, तो मरतोय," आई म्हणायची.

"मरू दे ना. पण ज्याने बसवलेत त्याने काम सुरेख केलंय."

आई कपाळावर हात मारायची. मीटरला वाटायचं, या घरात सिनेमा नीट बघणारी एक आईच.

पुढच्या खोलीत जायचा एक रिवाज होता, मीटर दोन-तीन वर्षांची असल्यापासूनचा. आत धूळ, मेण, तापलेली भांडी, म्हणून एकदम घुसायचं नाही. दारात उभं राहायचं. बाबांनी हातातलं काम संपवून मान वर केली की ते आधी स्वतःचे सगळे दात विचकून दाखवायचे, मग तिने आपले दाखवायचे. तपासणी झाली की आत यायची परवानगी. ती बावीस वर्षांची झाली तरी हे चालूच होतं. कधी दोघांचं भांडण झालेलं असलं तरीही, तोंडं फुगवून का होईना, दात दाखवले जायचे.

बाबांना जाऊन आता तीन महिने झाले होते.

मीटरला काही वाटत नव्हतं. हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतःपाशी ते रोज सरळच सांगायची. सकाळी उठली की ती आत चाचपून बघायची, आज काही वाटतंय का. नाही. मग दात घासायची आणि कॉलेजला जायची. सिनेमे बघायची, टक् टक् करायची. एकदा पडद्यावर एका पोराचा बाप बंदरावर बोटीत चढून कायमचा जातो असा प्रसंग होता, वर्गातल्या दोघींनी नियम मोडून नाकं पुसली आणि मागून एक जण हळूच म्हणाला, "मीटरकडे बघा रे, तिला कसं वाटत असेल." मीटर त्या वेळी बोटीचा शॉट मोजत होती. चव्वेचाळीस सेकंद. आपला आकडा बरोबर येतो की नाही, एवढीच तिला काळजी.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ आता कमी झाली होती, तरी कुणी ना कुणी यायचंच. आणि आई प्रत्येकाला तेच सांगायची. "ही तिथेच होती हो. एक क्षण दवडला नाही पोरीने. लगेच हाक मारली मला, लगेच डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर म्हणालेच, एवढं लगेच होऊनही गेले, म्हणजे कुणाच्याच हातात काही नव्हतं." हे सांगून झालं की आईचा चेहरा जरा सैल व्हायचा. येणारे मान हलवायचे, मीटरच्या पाठीवरून हात फिरवायचे. मीटर पाण्याचे पेले उचलून आत जायची. आईने दिवसभर त्या एका वाक्याला धरून उभं राहायचं आणि ते वाक्य खोटं आहे हे मीटरने मूग गिळून ऐकायचं, असं चाललं होतं.

कारण डॉक्टरांनी, शेजारच्या गल्लीतल्या त्या भल्या माणसाने, बाबांच्या छातीवरून हात काढता काढता तिला विचारलं होतं, "पडले त्याला किती वेळ झाला? तू कधी पाहिलंस?"

आणि ती म्हणाली होती, "लगेच. लगेच आले मी."

तिला खरा आकडा माहीत होता. एकोणीस.

झालं होतं ते असं. दुपारची वेळ. ती पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात प्लास्टरची बारीक धूळ तरंगत होती. दाराची चौकट, चौकटीत टेबल, टेबलापाशी बाबा एका बाजूने उजळलेले. आठ महिने रोज सिनेमे बघून डोळ्यांना लागलेली सवय, तिला वाटलं, काय सुरेख फ्रेम आहे. आणि तिची मोजणी सुरू झाली. बाबांचा तोल गेला, त्यांनी टेबलाची कड धरली, ते सावकाश खाली सरकले, आणि ती दारात उभी. तिला दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. पण समोर काही घडत असलं की हलायचं नाही, मध्ये यायचं नाही, शॉट संपेपर्यंत बघत राहायचं, हे अंगात इतकं भिनलं होतं की ती शॉट संपायची वाट बघत राहिली. एकोणीस सेकंदांनंतर तिला कळलं की हा आपल्यालाच संपवायचा आहे. तेव्हा ती ओरडली.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आईचं ते वाक्य जाणार, आणि त्या जागी ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं.

त्या आठवड्यात सरांनी लेखी काम दिलं. कुठल्याही सिनेमातला एक सलग शॉट घ्यायचा, कुठेही कट नसलेला, आणि सेकंदामागून सेकंद उतरवून काढायचा. विशेषणं नकोत, मत नको. बाकीची पोरं शॉट शोधत आठवडाभर वणवण फिरली. मीटर ग्रंथालयात जाऊन बसली, तिच्या डोक्यात एकच शॉट होता आणि तोच तिने चाळीस मिनिटांत उतरवून काढला. आपण हे काय करतोय, असा विचार तिच्या मनात आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, की लिहिलं ते बरं झालं, हे ती अजूनही सांगू शकत नाही. सिनेमाच्या नावाची जागा तिने कोरी सोडली.

सोमवारी सरांनी तिला खोलीवर बोलावलं. खोलीत जुन्या फिल्मचे डबे, एक भिंग, आणि सरांचा थंड झालेला चहा.

"बस. हे फार चांगलं आहे," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द वर्षातून दोनदा निघतो अशी ख्याती होती. "कुठे डोळ्यांतून पाणी काढायचा प्रयत्न नाही. चौथ्या सेकंदाला बघ. माणूस कोसळायच्या बेतात आहे, पण हातातली कवळी तो आधी फडक्यावर अलगद ठेवतो, मेणाला धक्का लागू नये म्हणून. हे कुणाला सुचलं? कुठला सिनेमा आहे?"

"आठवत नाही, सर."

"तुला आठवत नाही? तुला?" सर हसले. "प्रत मिळव. मला वर्गात दाखवायचंय."

"प्रत नाही मिळणार."

"बरं, ते बघू. पण दोन गोष्टी राहिल्यात." सरांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. "एक म्हणजे, कॅमेरा जागचा हलत नाही. का? बघणारं कोण आहे तिथे? दाराच्या उंचीवरून, दारातूनच दिसतंय सगळं. म्हणजे दारात कुणीतरी उभं आहे. ते कोण, ते तू लिहिलंच नाहीस."

मीटर फिल्मचे डबे मोजायला लागली.

"आणि दुसरी. दहावा सेकंद: माणूस मान वर करून दाराकडे बघतो. त्यानंतर एकदम तेरावा: त्याचा हात टेबलाच्या कडेवरून सुटतो. अकरावा आणि बारावा कुठे गेले?"

"राहून गेले असतील."

"तुझे? तुझे नाही राहून जात." सर कागदावर बोट ठेवून होते. आवाजात राग नव्हता. आयुष्यभर जे केलं तेच ते करत होते. "तू म्हणतेस सलग शॉट आहे. पण इथे कट आहे. इथून काहीतरी काढलंय आणि दोन टोकं जोडून टाकलीत. माझं आयुष्य यात गेलं, बाळ, मला नाही फसवता येणार. ते दोन सेकंद भर आणि आणून दे."

तिने कागद घेतला. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपला अंगठा चाललाय, पायरीगणिक टक् टक्, हातात यंत्र नसताना. तिला भीती वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. तिने हात खिशात कोंबला.

घरी आई शेंगा सोलत बसली होती.

"आज लवकर? जेवलीस का? आणि हे तोंड कशाने उतरलंय?"

"आई, बाबा पडले तेव्हा मी लगेच नाही ओरडले."

आईचे हात थांबले. "म्हणजे?"

"एकोणीस सेकंद मी नुसती बघत उभी होते. डॉक्टरांना खोटं सांगितलं. तुलाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. एक शेंग तिच्या हातात अर्धी उघडी होती.

"घाबरली असशील," आई म्हणाली. हळूच, जणू तिला वाट करून देत.

"नाही. घाबरले असते तर पळाले असते. मी मोजत होते. मला वाटलं, शॉट संपेल."

"शॉट." आईने तो शब्द तोंडात घोळवला आणि मग तिचा आवाज चढला. "अगं, बाप होता तो तुझा! सिनेमा होता का? मी आत होते गं, हाकेच्या अंतरावर. एक हाक मारायची होतीस! मी जगाला सांगत सुटलेय की पोरीने क्षण दवडला नाही, आणि तू पेले उचलत ऐकत होतीस?"

"हो."

"एवढं होऊन तुझ्या डोळ्यात पाणीसुद्धा नाही."

"नाही आई. येत नाही. मी रोज बघते."

आईने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मीटर उभीच होती. तिला वाटत होतं, आई आता उठून आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि ते बरोबरच होईल. आई उठली खरी, पण गेली पुढच्या खोलीकडे. ती खोली बाबा गेल्यापासून बंदच होती, अर्धी राहिलेली कवळी पुरी करून घ्यायला म्हणून न्यायला एक माणूस तेवढा एकदा येऊन गेला होता. आईने खिडकी उघडली, बाबांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कुठे उभी होतीस?"

"इथे. दारात."

"मग उभी राहा. आणि सांग. एकोणीसच्या एकोणीस सांग. मला एकही मिळाला नाही. मी आले तेव्हा संपलं होतं सगळं."

मीटरने सांगायला सुरुवात केली. वर्गात वाचतात त्या आवाजात. पहिला सेकंद: बाबा मेणात दात बसवतायत. दुसरा: हात थांबतो. तिसरा: डाव्या हाताने छातीवरचा शर्ट धरतात. चौथा: उजव्या हातातली कवळी फडक्यावर ठेवतात. टेबलावर ते फडकं अजून होतं. आईने त्यावर हात ठेवला.

"तेवढ्यातही कवळीच सांभाळली," ती म्हणाली. "पुढे."

पाचवा. सहावा: उठायला जातात, पण उठवत नाही. सातवा: टेबलाची कड धरतात. आठवा, नववा: तसेच. दहावा: मान वर करून दाराकडे बघतात.

"तुझ्याकडे?"

"हो."

"मग?"

मीटरला पुढचा आकडा माहीत होता. तो तोंडातून येईना. खिडकीतून ऊन तसंच आत आलं होतं आणि आईच्या एका गालावर पडलं होतं.

"मग काय झालं? सांग."

"अकराव्याला बाबांनी दात दाखवले."

आईने स्टुलाची कड धरली.

"मला वाटलं, नेहमीसारखं," मीटर म्हणाली. "दारात आले म्हणून. मला आता कळत नाही गं आई. कळ आली म्हणूनही तोंड तसं झालं असेल. दुखलं की माणूस दात विचकतोच ना? तेव्हाही नाही कळलं, आताही नाही कळत. मी ते लिहूच शकले नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू दाखवलेस का?"

हे कुणी विचारेल असं मीटरला वाटलं नव्हतं. तीन महिने ती याच सेकंदाभोवती फिरत होती आणि त्याच्याकडे न बघता पुढे जात होती. बाप मरत होता आणि ती दारात उभी राहून दात काढत होती. याहून वाईट काही असू शकत नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

"दाखवले," ती म्हणाली. "बाराव्याला. मी हसले त्यांच्याकडे बघून."

आईने पदराने तोंड पुसलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.

"आई..."

"थांब. हाक मारली नाहीस ते वाईटच केलंस. त्याला मी चांगलं म्हणणार नाही, मला तेवढं मोठं मन नाही. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. खरा आकडा सांगू. ते काय म्हणायचं ते म्हणोत, मी ऐकेन, तूही ऐक. पण हे बरं केलंस. त्यांनी दाखवले आणि समोरून कुणी दाखवलेच नसते तर..."

मीटरने मान हलवली.

"कसे दाखवले?" आईने विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. तिने तोंड वर केलं आणि त्या स्टुलावर बसून, वीस वर्षं जे नवऱ्याला करताना बघितलं होतं ते केलं. खालचे-वरचे सगळे दात विचकले. बाबांना कायम खटकणारा आपला पुढचा तिरका दात धरून सगळे. "असे?"

मीटर दारात उभी होती. तिने आपले दात दाखवायला तोंड उघडलं, पण त्यातून भलताच आवाज निघाला, आणि मग तो थांबेना. ती दारातून हलली. टेबलापर्यंत किती पावलं होती आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती किती वेळ रडली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.